डॅशबोर्डवरचा लाल दिवा

७ जून १९५९, रविवार

मोटार आली! सुरतेहून नवापूरमार्गे, काळी, चार दरवाज्यांची, विलायती. जुनी आहे, पण आमच्या गावात पहिली. नंदुरबारपासून नऊ मैलांवरच्या या गावात आजवर मोटार आली ती फक्त मामलेदाराची, आणि तीसुद्धा नाल्यात रुतून बसली.

सौ.ला पुढच्या सीटवर बसवून मारुतीपर्यंत नेली. चोवीस वर्षांपूर्वी वरात घेऊन येताना आमच्या बैलगाडीचा आस मोडला होता. नवी नवरी भर उन्हात बांधावर बसली होती. तेव्हाच मी म्हटलं होतं की तुला एक दिवस मोटारीत बसवीन. आज शब्द पाळला. सौ. पाय वर घेऊन मांडी घालून बसली. मी रागावलो. मग पाय खाली सोडले, पण डोळे मिटून घेतले.

परत आल्यावर तिने विचारलं की समोर तो बारका लाल दिवा लागला आणि विझला तो कसला. मी म्हटलं, तांत्रिक बाब आहे.

निश्चय: आठ दिवसांत मोटारीचं संपूर्ण शास्त्र शिकणे.

९ जून

गाडीबरोबर इंग्रजी पुस्तक आलं आहे. मी व्हर्नाक्युलर फायनल पास, वर नंदुरबारला इंग्रजीचं एक वर्ष. डिक्शनरी जवळ ठेवली की काय अडतंय? लाल दिव्याचं पान सापडलं. किल्ली फिरवली की दिवा लागतो. इंजिन सुरू झालं की विझला पाहिजे. विझला नाही तर तेलाचा दाब कमी आहे, इंजिन ताबडतोब बंद करा.

सोपं आहे. बाकीची पानं उद्या.

२८ जून

बाकीची पानं राहिली. पाऊस सुरू. आमची काळी जमीन, बैलाचा पाय रुततो तिथे मोटार काय चालणार? गोठ्यात उभी केली आहे. म्हशीने आरसा चाटला.

२ ऑगस्ट, रविवार

गोठ्यातच इंजिन चालू केलं. दिवा विझेना. दहा मिनिटं वाट पाहिली. विझेना.

डायग्नोसिस नंबर एक: ओल. गोठ्यात ओल आहे, तारांना ओल लागली, म्हणून दिवा लागतो. पुस्तकात ‘ताबडतोब बंद करा’ लिहिलंय ते थंड देशातल्या लोकांसाठी. तिथलं तेल गोठतं. आमच्याकडे गोठायला तेलाला वेळ कुठे आहे?

सौ.ने गोवऱ्यांची शेगडी पेटवून गाडीजवळ ठेवली. ओल जाईल. तीन वेळा उठबस केली तर तिला दम लागला. धूर लागला असेल.

५ ऑगस्ट

फुलसिंगला बोलावलं. आमच्या विहिरीवरचं ऑइल इंजिन हा पाहतो. आधी अक्राणीच्या जंगलातून लाकडाची लॉरी आणायचा. अंगठाबहाद्दर. गाडीखाली आडवा झाला, कान लावला, एक बोट तेलात बुडवून दोन बोटांत चोळलं आणि म्हणाला की नाना, तेल ना दाब नही शे, गाडी चालू करू नका, खालतून खोलनी पडी, बेरिंग घसायेल शे.

मी त्याला प्रेमाने समजावलं. लहानपणापासून मी गाड्या हाकतोय. चाकात वंगण संपलं की आस कुरकुरतो. कुरकुर नाही म्हणजे वंगण आहे. हे आपल्या बापजाद्यांचं शास्त्र. ही मोटार कुरकुरते का? नाही. मग तेलाचा प्रश्न येतोच कुठे? दिवा खोटं बोलू शकतो, आस खोटं बोलत नाही.

फुलसिंग म्हणाला की नाना, हाई कुरकुरी ना, तवय मरी जायेल ऱ्हाई.

अडाणी माणूस. चहा पाजून पाठवला.

१० ऑगस्ट

सौ.चे पाय सुजले. जोडवी बोटात रुतली. मी म्हटलं काढून ठेव, तर माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काही भलतंच बोललो. सवाष्णी जोडवी काढतस का, म्हणाली. मग राहू दे.

डायग्नोसिस: वात. पावसाळी हवा. सुंठ चालू केली.

दिवा अजून लागलेलाच. ओलीची थिअरी जवळजवळ सिद्ध.

१६ ऑगस्ट, रविवार

नंदुरबारचे डॉक्टर लस टोचायला गावात आले होते. जाता जाता सौ.च्या छातीला नळी लावली. बराच वेळ लावली. बाहेर येऊन मला म्हणाले की हृदयाचं दुखणं दिसतंय, चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्यात दाखवा, आठ दिवसांच्या आत. पाय सुजणं ही साधी गोष्ट नाही, ती आतून आलेली सूचना आहे.

बरं. दाखवू. त्यात काय एवढं.

सौ. म्हणाली की आगगाडी रोज जास, नंदुरबारले बठूत आणि चिंचपाडाले उतरूत. मी म्हटलं की दारात मोटार असताना तू डब्यात गर्दीत उभी राहणार? आणि नंदुरबारपर्यंत बैलगाडीचे धक्के खाणार? लोक काय म्हणतील? हिलाल तर गावभर दवंडी पिटेल. हिलाल माझा शेजारी. मोटार आल्यापासून त्याच्या पोटात दुखतंय.

निश्चय: आठ दिवसांत दिवा दुरुस्त, रस्ता सुकला की चिंचपाडा.

२४ ऑगस्ट

आठ दिवस झाले. रस्ता सुकला नाही. दिवाही विझला नाही. यात माझा काय दोष?

बैलगाडी जाते म्हणा. पण ठरलं ते ठरलं.

३ सप्टेंबर, गुरुवार

विजय!! काल पोळा. परवा संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपाने मळले आणि मनात आलं, हीसुद्धा बैलच की! वर्षभर राबणार. हिचा खांदा कोणी मळायचा? घरात घाण्याचं एरंडीचं तेल होतं, जे आपण आसाला घालतो तेच. घट्ट, मधासारखं. दोन शेर इंजिनात ओतलं. काल पोळ्याला बैलांमागून मोटारीलाही ओवाळलं. बॉनेटला गेरू, आरशांना फुगे. किल्ली फिरवली, दिवा लागला, इंजिन सुरू झालं... आणि दिवा विझला!

विझला!

पुस्तक लिहिणाऱ्या साहेबाला पत्र लिहावं की काय, असा विचार आहे.

सौ. ओवाळताना मध्येच खाली बसली. थाळी माझ्या हातात दिली. मग बसल्या बसल्याच मोटारीला नैवेद्य दाखवला. हसत होती. म्हणाली की आते तरी जाऊत ना? मी म्हटलं, आता काय, आता रस्ता सुकू दे.

५ सप्टेंबर

फुलसिंगला मुद्दाम बोलावून विझलेला दिवा दाखवला. त्याने तेल कुठलं ते विचारलं. सांगितल्यावर कपाळाला हात लावून खालीच बसला. म्हणाला की हाई तेल त्या तेलमा मिसळत नही, आत खळ व्हयी जाई, बारीक नळ्या बुजी जातीन. सगळं काढा आणि इंजिन आतून धुवा.

मत्सर. दुसरं काही नाही. शिकलेल्या माणसाचं डोकं चाललं की असं होतं.

१९ सप्टेंबर, शनिवार

दिवा परत आला. आता लुकलुकतो. मध्येच विझतो, मध्येच लागतो. याचा अर्थ सुधारणा आहे, आधी सतत लागायचा.

सौ.चंही तसंच. दोन दिवस बरं, दोन दिवस दम. रात्री उशाला गाठोडं ठेवून बसून झोपते. जोडवी फारच रुतली, बोटं काळीनिळी झाली. आज डोकं चालवलं. सोनाराला घरी बोलावून जोडवी कापून मोठी करून घेतली. आता सैल बसतात. बोट दुखणं बंद. एका तासात काम फत्ते, दवाखाना नाही, औषध नाही. सोनार म्हणाला की नाना, तुम्हीच डॉक्टर व्हायला हवं होतं.

सौ. पाय पुढे करून जोडव्यांकडे पाहत बसली होती. म्हणाली की मोठी करी दिन्यात, आते अजून किती मोठी करशात?

बायकांना समाधान म्हणून नसतं.

२७ सप्टेंबर

नंदुरबारच्या डॉक्टरांचा निरोप. चिंचपाड्याला गेलात का? उत्तर पाठवलं की सर्व तयारी पूर्ण आहे.

फुलसिंगशी वाजलं. तो म्हणाला की मन्ही बायको ऱ्हाती तं मी खांदावर लयी जाता, टेसनवर. मी म्हटलं, तू लॉरीवाला, तुझं ठीक आहे. मग मलाच वाईट वाटलं. पण बोललेलं परत घेत नाही मी.

हिलालने ओट्यावरून विचारलं की काय रूपचंदशेठ, मोटार दूध देती का गोठ्यामा? हसला. त्याच्याशी बोलणं बंद.

१ ऑक्टोबर, गुरुवार

रस्ता सुकला. नाल्यात गुडघाभर पाणी आहे, तेही आठवड्यात उतरेल. पण दिवा! चालू केली की लुकलुक लुकलुक. तोंडासमोर तो लाल डोळा मिचकत असेल तर माणसाने गाडी हाकायची कशी? लक्ष विचलित होतं. आणि सौ. सारखी तिकडेच पाहते. दुखणेकऱ्याच्या मनावर परिणाम होतो.

म्हणून आज शांत डोक्याने निर्णय घेतला. डॅशबोर्डच्या मागे हात घातला, आणि बल्ब काढला.

चालू केली. दिवा नाही! किती शांत वाटतं. चूक ही की दोन महिने मी इंजिनात दोष शोधत होतो.

सौ. दारात उभी होती. म्हणाली की दिवा कसाले काढा? ऱ्हाऊ द्यायना व्हता बिचाराले तठे. काहीतरी सांगी ऱ्हायना व्हता तो. मी म्हटलं, तुला काय कळतंय त्यातलं. बल्ब ओट्यावर ठेवला.

संध्याकाळी पाहिला तर नव्हता. कोंबडीने ढकलला असेल. गेला तर बरंच झालं.

१२ ऑक्टोबर

दसऱ्याची पूजा झाली. बुधवारी निघायचं. सौ. आता चार पावलं टाकली की भिंत धरते. पण चेहरा प्रसन्न आहे. नवं लुगडं काढून ठेवलं. मीनाला, म्हणजे आमच्या नवापूरच्या लेकीला, कळवलं की बुधवारी दुपारी चिंचपाड्याला ये, आई मोटारीने येतेय.

प्रोग्रॅम:
सकाळी ६ प्रस्थान.
७ नंदुरबार. स्टेशनसमोरून हळू जाणे (लोकांनी पाहावं).
९॥ चिंचपाडा.
११ तपासणी पूर्ण.
दुपारी मीनाबरोबर जेवण.
संध्याकाळी परत.

हिलाल म्हणाला की आगगाडी आठ वाजेले सुटस, तिनाशी शर्यत लावा. लावतो. तूच बघ.

१४ ऑक्टोबर, बुधवार, सकाळी ५॥

निघतो आहे. सौ.ला तिघा बायकांनी उचलून बसवलं. तिने स्वतःहून पाय खाली सोडले. मी म्हटलं, मांडी घाल हवं तर. नको म्हणाली, तुम्ही रागावशात.

इंजिन उत्तम. दिवा नाही.

तोच दिवस, सकाळी १०। (रस्त्याच्या कडेला, वहीच्या मागच्या पानावर)

नंदुरबार ठरल्याप्रमाणे ओलांडलं. स्टेशनसमोरून हळू गेलो. आठची गाडी फलाटावर उभी होती. सौ.ने एकदा तिकडे पाहिलं.

खांडबाऱ्याच्या पुढे इंजिनातून आवाज यायला लागला. आधी बारीक, मग लोहाराच्या घणासारखा. मला वाटलं, कुरकुर सुरू झाली, म्हणजे आता वंगण मागतेय. थांबून घालावं तर एवढ्यात मोठा खटका झाला आणि चाकं जागच्या जागी धरली. धूर. गरम तेलाचा वास. हँडल मारलं तर ते भिंतीत बसवल्यासारखं.

फुलसिंग म्हणाला होता की कुरकुरेल तेव्हा मेलेली असेल.

सौ.ला मोहाच्या झाडाखाली चादरीवर बसवलं. श्वास घेताना तिचा खांदा वर जातो. ओठ निळसर दिसतात, सावलीमुळे असेल.

रूळ रस्त्याला लागूनच आहेत. आठची गाडी आता गेली. उशिरा सुटली असावी. डबे मोजण्याइतक्या सावकाश गेली. खिडक्यांमधून लोक आमच्याकडे आणि मोटारीकडे पाहत होते. जागा रिकाम्या होत्या. मला दिसल्या.

मी सौ.ला म्हटलं, एक तासात व्यवस्था करतो. ती म्हणाली की घाई करू नका, मी गाडीमा बठनू ना, तुमना बोल खरा व्हयना, आते बस.

हे तिने मला बरं वाटावं म्हणून म्हटलं. एवढं मला कळतं.

१५ ऑक्टोबर, चिंचपाडा

काल तीन तास कोणीच आलं नाही. मग रेवाबाई नावाची एक म्हातारी शेतातून येत होती. तिने सौ.ला पाणी पाजलं, आणि काही न विचारता नातवाची बैलगाडी जुंपून आणायला लावली. गाडीत पेंढा घातला. आस कुरकुरत होता. सबंध वाट कुरकुरत होता.

पोचायला दिवस मावळला. मीना दुपारपासून फाटकात उभी होती.

मोठ्या डॉक्टरांनी विचारलं की पाय कधीपासून सुजले. मी म्हटलं, पंधरा-वीस दिवस. खोटं बोललो. का बोललो माहीत नाही. सौ. खाटेवरून माझ्याकडे पाहत होती. तिने मला खोटं पाडलं नाही.

पण मीनाने पायांवरचं पांघरूण सरकवून आईची जोडवी पाहिली. म्हणाली, ही कापून मोठी केली आहेत, बाबा. केव्हा?

डॉक्टर म्हणाले की दोन महिन्यांपूर्वी आणायला हवं होतं.

१६ ऑक्टोबर

इंजेक्शनं चालू. सकाळी थोडी बोलली. घरी म्हशीला कोण पाहतंय विचारलं. मोटार कुठे आहे विचारलं. मी म्हटलं, आहे, सुखरूप आहे. म्हणाली की तिच्यावर रागावू नका, ती सांगी ऱ्हायनी व्हती.

निश्चय: बरी झाली की आगगाडीने घरी न्यायची. खिडकीजवळची जागा. फलाटावर चहा घेऊ. पुढे सुरतेपर्यंत नेऊन समुद्र दाखवीन. मोटार विकून टाकतो.

१८ ऑक्टोबर, रविवार

सकाळी सव्वासात.

२२ ऑक्टोबर

बायका येतात आणि म्हणतात की भाग्यवान, अहेव गेली, मळवट भरून गेली. ज्याला त्याला हेच सुचतं. माझ्यासमोर म्हणू नका असं ओरडलो.

हिलाल येऊन बसतो. काल म्हशीचं दूध त्यानेच काढलं.

फुलसिंगने दोन बैलजोड्या नेऊन मोटार ओढून आणली. गोठ्यात उभी करून दिली. मी वाट पाहत होतो की आता बोलेल, बोलायचा हक्क होता त्याचा. तो म्हणाला की नाना, जेवी ल्या.

३१ ऑक्टोबर, शनिवार, संध्याकाळ

काल तेरावा झाला. आज लक्ष्मीपूजन. गावात पणत्या लागल्या. आमच्याकडे यंदा नाही.

दुपारी मीनाने आईची पेटी उघडली. लुगडी, चोळ्या, सोनाराने कापलेले जोडव्यांचे दोन बारके तुकडे. आणि कुंकवाचा करंडा. मीनाने तो उघडून पाहिला आणि माझ्यापुढे धरला. कुंकवावर कापसाच्या बोळ्यात गुंडाळलेला तो बल्ब होता. काचेला लाल बोटं लागली होती. मीनाने विचारलं की बाबा, हे काय?

कोंबडीने ढकलला नव्हता. सौ.ने

सौ. लिहिलं. सवयीने. जसोदाने ठेवला होता. चोवीस वर्षांत हिचं नाव मी कुठल्याच वहीत एकदाही लिहिलं नाही, आज पहिल्यांदा लिहितोय.

मी बल्ब घेऊन गोठ्यात गेलो. म्हटलं, निदान हा तरी फुटका, जळका निघावा. मग म्हणता येईल की मला खोटी सूचना मिळाली, कोणीही फसला असता. डॅशबोर्डच्या मागे हात घातला. बल्ब दोनदा निसटला. मग बसला.

इंजिन तर दगड झालंय. नुसती किल्ली फिरवली.

लागला. लगेच. लालभडक.

शेजारच्या सीटवर कोणी नव्हतं. मी पाय वर घेऊन मांडी घातली आणि बॅटरी उतरेपर्यंत त्याच्याकडे पाहत बसलो.

अंतिम डायग्नोसिस: दिव्यात काही दोष नव्हता.